कचारगडची चढण आणि बलार्धाचा विचार

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातील धनेगाव आणि दरेकसा हा एरवी शांत असणारा परिसर माणसांनी फुलून जातो. कचारगडची गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. पारी कुपार लिंगो यांनी या गुहेत कोंडलेल्या बालकांची मुक्तता केली, अशी कोया पुनेमची परंपरा सांगते. महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणा येथूनही भाविक येतात आणि धनेगावच्या पायथ्यापासून खडकाळ, उभ्या वाटेने गुहेपर्यंत चढतात. यात्रेव्यतिरिक्तच्या दिवसांतही पर्यटक व विद्यार्थ्यांचे गट येथे येत असतात.

यात्रेच्या आधी आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, मी चढू का?" या प्रश्नाचे उत्तर शास्त्राधारे कसे द्यावे, याचे विवेचन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

चढण हा व्यायामच

शरीरास स्थैर्य व बल देणारी इष्ट चेष्टा म्हणजे व्यायाम, अशी चरकाचार्यांची व्याख्या आहे. मात्र तो मात्रेनेच करावा, असेही त्यांनी लगेच बजावले आहे. ही मात्रा म्हणजे अर्धशक्ती. श्वास मुखावाटे वाहू लागणे हे बलार्धाचे लक्षण सुश्रुतसंहितेत आले आहे. काख, कपाळ, नाक व हातपायांचे सांधे यांवर घाम येणे आणि तोंड कोरडे पडणे, ही लक्षणेही परंपरेने त्यास जोडली आहेत. आधुनिक व्यायामशास्त्रात 'चालताना सलग बोलता येते का' ही जी सोपी कसोटी सांगतात, तिचा आशय याहून वेगळा नाही. म्हणून रुग्णास इतकेच सांगावे : वाक्य तुटू लागले की थांबावे, श्वास नाकावाटे संथ झाला की पुढे निघावे.

येथील उंची विरळ हवेचा त्रास होण्याइतकी नाही. त्रास होतो तो उभ्या चढामुळे, दुपारच्या उन्हामुळे, पाणी कमी पिण्यामुळे आणि गर्दीच्या वेगाने चालण्यामुळे. पुढच्या माणसाशी बरोबरी करताना धाप दाबून धरली जाते. श्रमजन्य निःश्वास हा तेरा अधारणीय वेगांपैकी एक असून त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात, असे चरकसंहितेत सांगितले आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी होतात, ही वाग्भटाचार्यांची यादीही यावेळी स्मरणात ठेवावी.

कोणास थांबवावे

वातपित्ताचे रुग्ण, बालक, वृद्ध व अजीर्णी यांनी व्यायाम वर्ज्य करावा, असा वाग्भटाचार्यांचा निर्देश आहे. अजीर्णी हा शब्द यात्रेत विशेष महत्त्वाचा. भरपेट जेवून लगेच चढणे टाळावे. अनियंत्रित रक्तदाब, ज्ञात हृद्रोग, तमकश्वास व गर्भिणी यांना पायथ्याशीच दर्शन घेण्याचा सल्ला द्यावा. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी चढू नये आणि खिशात साखर अवश्य ठेवावी.

आपल्या जिल्ह्यात याहून अधिक दक्षता सिकलसेलबाबत हवी. पूर्व विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात तपासणी व समुपदेशनावर भर आहे. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे व थंडी ही या रुग्णांतील वेदनांच्या झटक्याची परिचित कारणे होत. यात्रेत दिवसा चढण व ऊन, तर रात्री उघड्यावर निजणे. तिन्ही कारणे एकत्र येतात. यात्रेहून परतलेला तरुण हाडे ठणकतात म्हणून आला, की संधिवात वा आमवात समजून तेल चोळण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. वेदनेसोबत ज्वर, छातीत दुखणे वा धाप असल्यास एक तासही न दवडता रुग्णालयात पाठवावे. येथे झालेला विलंब प्राणावर बेतू शकतो.

औषधी दुकानदारांसाठी

चढण्याआधी 'पाय दुखू नयेत' म्हणून वेदनाशामक गोळी मागणारे ग्राहक येतात. पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या वृक्कांस अपाय करू शकतात. त्या देऊ नयेत. जलसंजीवनीचे २०.५ ग्रॅमचे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवावे, हे प्रत्येक ग्राहकास सांगावे. पेलाभर पाण्यात पाकीट टाकल्यास क्षारांचे प्रमाण घातक ठरते. द्राक्षासवात स्वयंजनित मद्यांश असतो. ते तहानेचे पेय म्हणून विकू नये.

चरकोक्त श्रमहर दशेमानीत द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक येतात. यांतील प्रियाल म्हणजे आपल्याच जंगलातील चारोळी आणि बदर म्हणजे बोर. वाटेत खाण्यास महागड्या पाकिटांपेक्षा खजूर, मनुका, बोरे व चारोळी उत्तम.

उतरताना व उतरल्यावर

चढताना हृदय व श्वासाची, तर उतरताना मांडी व गुडघ्याची परीक्षा होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून खरी वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवते. लहान पावले, काठीचा आधार व घट्ट पादत्राणे हाच तिचा प्रतिबंध. श्रमहरांमध्ये स्नान श्रेष्ठ म्हटले आहे. विश्रांतीनंतर कोमट पाण्याने स्नान व सौम्य अभ्यंग करावा. मात्र मुरगळून सूज आली असल्यास मर्दन करू नये.

छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, थंड घाम वा थांबूनही न शमणारी धाप, यांपैकी काहीही दिसल्यास अर्जुनारिष्टाची वाट न पाहता रुग्णास चालवत न नेता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बलार्धाची खूण विश्रांतीने मावळते. जी मावळत नाही ती व्याधीची खूण होय. हा एक भेद प्रत्येक यात्रेकरूस चढण्यापूर्वी समजावून देणे, हे आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदास सहज शक्य आहे.