एका तारेचा जमाखर्च

दसरा झाला की माळा झाडण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे येते. यंदा मुलुंडच्या आमच्या घरातल्या माळ्यावर घरखर्चाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा हाती लागला आणि झाडणे राहिले बाजूला. मी जन्मभर हिशेबनीस. वही दिसली की उघडल्यावाचून राहवत नाही.

१९९६ सालच्या वहीत टेलिफोन, केबल, वर्तमानपत्र, सिनेमा असे चार खर्च चार ओळींत होते आणि चार निरनिराळ्या खिशांत जात होते. टेलिफोनचे पैसे महानगर टेलिफोन निगमला. १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी निघालेली ही सरकारी कंपनी. केबलचे पैसे गच्च्यांवरून तारा ओढणाऱ्या आणि दरमहा दाराशी येऊन पावती फाडणाऱ्या मुलाला. यंदाच्या वहीत मात्र एकच ओळ दिसते: ‘फायबर’. चिरंजीव म्हणाले, “बाबा, फोन, इंटरनेट, टीव्ही, सगळं एका बिलात. कटकट गेली!”

कटकट गेली खरी. पण चार खिशांतला पैसा एकाच खिशात जाऊ लागला, तेव्हा तो खिसा शिवला आहे कसा, हे पाहावेसे वाटले. आमचे बिल कोणत्या कंपनीचे, ते सांगत नाही. उदाहरणाला ह्या धंद्यातले सर्वांत मोठे घर घेऊ: रिलायन्सचे जिओ.

जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली. पहिले काही महिने सारेच फुकट! आमच्या इमारतीत जो तो विचारी, “मग हे लोक खाणार काय?” वाणी गिऱ्हाइकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतो, तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. ह्या धंद्यात मनोरे, जमिनीखालच्या तारा आणि सरकारकडून लिलावात घेतलेल्या ध्वनिलहरी नव्हे, रेडिओलहरी, ह्यांवर खर्च आधी होतो. एकट्या २०२२ च्या लिलावात जिओने ८८,०७८ कोटी रुपयांच्या लहरी घेतल्या. एकदा हा खर्च झाला की पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे फारसा जादा खर्च येत नाही. म्हणून आधी गर्दी जमवायची. २०२५ च्या मार्चअखेर ही गर्दी ४८ कोटींवर गेली होती आणि माणशी महिन्याला सरासरी २०६ रुपये मिळत होते. म्हणजे ढोबळ हिशेबाने महिन्याला दहा हजार कोटी! शिवाय दूधवाला महिना भरल्यावर पैसे मागतो. इथे बहुतेकांचे पैसे दूध ओतण्याआधीच जमा.

२०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गूगलने ३३,७३७ कोटी रुपये जिओत घातले. ते मात्र उत्पन्नात धरू नये, ते भांडवल. हिशेबनिसाने ही चूक करू नये.

नळ आपला झाला, की पाणीही आपलेच असावे असे वाटू लागते. २०१८ साली रिलायन्सने हॅथवे आणि डेन ह्या केबल कंपन्यांचा ताबा घेण्याचे जाहीर केले. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वायाकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया एकत्र आल्या. ह्या जिओस्टारचे मूल्य ७०,३५२ कोटी धरले गेले. डिस्नेचा वाटा त्यात ३६.८४ टक्के, पण कारभार रिलायन्सच्या हाती.

आमच्याकडे संध्याकाळी रिमोटवरून महाभारत घडते. आईला स्टार प्रवाहवरची मालिका हवी, नातवाला निकवरचे मोटू-पतलू, चिरंजीवांना स्टार स्पोर्ट्सवरचे क्रिकेट. कोणीही जिंको, गल्ला एकाच पेटीत! ह्या पेटीत पैसा दोन वाटांनी येतो. वाहिनीची वर्गणी आपण देतो. तिच्यातला निदान २० टक्के वाटा वितरकाचा, आणि वितरकही घरचाच असला तर तोही घरात राहतो. दुसरी वाट जाहिरातींची. आयपीएलच्या पाच वर्षांच्या दूरचित्रवाणी हक्कांना स्टारने २०२२ साली २३,५७५ कोटी मोजले, ते दोन षटकांच्या मधल्या जाहिरातींच्या भरवशावर. तिथे विकली जाते ती आपली नजर. गिऱ्हाईक आपण, आणि मालही आपणच.

ह्यात गैर काही आहे असे मी म्हणत नाही. पूर्वी नागपूरला स्वस्तात बोलायचे तर रात्री अकरापर्यंत जागावे लागे. आता आई पणतीचे दात रोज पाहते. पण जुलैमधली एक दुपार वहीत मांडता आलेली नाही.

त्या दिवशी आई घरी एकटी होती. पावसात वीज गेली. तिला घेरी आल्यासारखे झाले, म्हणून तिने फोन उचलला. मोबाइल तिला जमत नाही. मोठ्या आकड्यांचा घरचा फोनच तिच्या सवयीचा. तो आता फायबरच्या डबीला जोडलेला; वीज गेली, डबी विझली, फोन मुका. भिंतीला धरत तिने शेजाऱ्यांचे दार गाठले, म्हणून निभावले. तांब्याच्या जुन्या तारेला वीज टेलिफोन केंद्रातून येई. घरात काळोख असला तरी फोन चाले.

“तो जुना फोन बरा होता रे,” आई म्हणाली, “अंधारातही जागा असायचा.”

दुसऱ्याच दिवशी दोन वस्तू आणल्या: वीज गेल्यावर डबी जागी ठेवणारी बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचा, ठसठशीत बटणांचा साधा मोबाइल. सूनबाईंनी आठवडाभर रोज आईकडून सराव करून घेतला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, उगाच डबल खर्च.” असेल. पण सगळे कपडे एकाच दोरीवर वाळत घालू नयेत, हे आईनेच मला शिकवले आहे.

वाचकहो, फराळ आटोपल्यावर आपलेही बिल एकदा उलगडून पाहा. रक्कम तर पाहाच. पण ती एक तार तुटली तर घरात काय काय गप्प होईल, तेही मोजा. आमच्या वहीत आता पुन्हा दोन ओळी आहेत.