आरोग्य-प्रबोधनातील भावनिक आवाहन : खर्रा आणि झाडीपट्टीचा संदर्भ

प्रस्तावना :
नवेगाव बांध (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे खर्ऱ्याचे व्यसन सर्वदूर आढळते. सुपारी, तंबाखू व चुना यांच्या या मिश्रणामुळे तोंडातील आवरण ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. मात्र धोका ठाऊक असूनही सवय सुटत नाही. माहिती व आचरण यांतील ही दरी भरून काढण्यासाठी भावनेला आवाहन केले जाते. ते केव्हा फलदायी ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भीतीचे सामर्थ्य व मर्यादा :
जॅनिस व फेशबॅक यांच्या १९५३ मधील दंतआरोग्यविषयक प्रयोगात सर्वाधिक भीतिदायक संदेशाचाच परिणाम सर्वांत कमी दिसला. १९६५ मध्ये लेव्हेंथाल व सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताची भीती दाखविली. ज्यांना सोबत लसीकरणाचे ठिकाण, नकाशा व वेळेची आखणी मिळाली, त्यांपैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. ज्यांना केवळ भीती मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. किम विट्टे यांनी १९९२ मध्ये याची मीमांसा केली. धोका मोठा व उपाय आवाक्यातला वाटला, तर मनुष्य उपाय करतो. उपाय दिसत नसेल, तर तो संदेशच नाकारतो किंवा त्याची थट्टा करतो.

वेष्टनावरील इशारा :
भारतात तंबाखूच्या वेष्टनांवर ३१ मे २००९ पासून सचित्र इशारा आला. १ एप्रिल २०१६ पासून त्याने ८५ टक्के जागा व्यापली आणि २०१८ मध्ये व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यास जोडला गेला. भीतीला मार्गाची जोड मिळाली, ती येथे. परंतु खर्रा पानठेल्यावर घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून दिला जातो. त्यास छापील वेष्टनच नाही. त्यामुळे चित्र व क्रमांक दोन्ही खर्रा खाणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

स्थानिक माध्यम :
ही उणीव झाडीपट्टी रंगभूमी काही अंशी भरून काढू शकते. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे ती पाहावयास येतात. येथे भीतीबरोबरच करुणा, विनोद व आपुलकी यांनाही वाव आहे. मात्र खर्रा खाणाऱ्याचा रंगमंचावर केवळ मृत्यू दाखविणे म्हणजे उपायाविना भीती दाखविणेच होय. घरच्यांच्या आधाराने सवय सोडणारे पात्र अधिक उपयुक्त ठरेल. अंकांच्या मध्यंतरात १८००-११-२३५६ हा क्रमांक व नजीकच्या मुखतपासणीचे ठिकाण आणि वार जाहीर करता येईल. व्यसनाधीनाची अवहेलना मात्र कटाक्षाने टाळावी. लाजेपोटी तोंडातील चट्टा लपविला गेला, तर निदानास विलंब होतो.

निष्कर्ष :
भावना मनुष्यास कृतीच्या उंबरठ्यापर्यंत आणते; पुढचे पाऊल कोठे टाकावे, हे संदेशाने सांगावयास हवे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनी पथनाट्ये बसविताना शेवटच्या प्रवेशात हा पत्ता आहे ना, हे प्रथम तपासावे.