एक जून आणि कुमारांचा फुटबॉल



बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांपुढे फुटबॉलवर बोलायचे म्हणजे पहिलवानाला पोहायला शिकवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आपला मुलूख कुस्तीचा आणि कबड्डीचा. तरीही मी हा विषय घेतला, कारण तो अखेरीस आपल्या ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबतो.

आशिया खंडातील देशांच्या कुमार संघांची अजिंक्यपद स्पर्धा १९५९ साली क्वालालंपूर येथे सुरू झाली. १९७४ साली बँकॉकमध्ये भारत व इराण यांचा अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवले. सोळा वर्षांखालील मुलांची अशीच स्पर्धा २०१६ साली आपल्या शेजारी गोव्यात झाली. सोळा देश आले, भारत पहिल्या फेरीतच थांबला, आणि इराकने अजिंक्यपद नेले. पुढच्या वर्षी भारतात कुमारांची विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. म्हणजे ही वाट महाराष्ट्रातील मुलांना बंद नाही.

आता या स्पर्धांचे मर्म पाहू. मोठ्यांच्या खेळात वय कोणी विचारत नाही. येथे सारा डोलारा वयावरच उभा असतो. गोव्यातील स्पर्धेला १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलाच मुलगा चालत होता. एक दिवस आधी जन्मलेला बाहेर! पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका वर्षाच्या फरकाने उंची, वजन आणि दम यांत केवढे अंतर पडते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. म्हणून वय चोरण्याचा मोह होतो, आणि तो मोह अनेक देशांना झाला आहे.

त्यावर उपाय निघाला तो मनगटाचा. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वय वाढते तशी ती हाडात मिसळून जाते. एमआरआय यंत्राने मनगटाचे चित्र घेतात. त्यात क्ष-किरण नसल्याने मुलाला अपाय होत नाही. कूर्चा पूर्ण मिसळलेली दिसली, तर मुलाने सतराव्या वर्षाची सीमा ओलांडली आहे, असे जवळजवळ खात्रीने सांगता येते. २००९ च्या कुमार विश्वचषकापासून ही तपासणी सुरू झाली. मात्र तिच्या मर्यादा आहेत. मुलींची हाडे लवकर पक्व होतात, म्हणून त्यांना ती लावत नाहीत. शिवाय मनगट जन्मतारीख सांगत नाही. ती कागदच सांगतो.

आणि कागदाशी येताच आपण आपल्या गावात येतो. या सभेतील किती वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो? शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराचे वय अंदाजाने बसते केले आणि १ जून लिहिला. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पण खेळात तिची किंमत पडते. कागदावर वय वाढले, तर गुणी मुलाचे एक वर्ष फुकट जाते. कमी झाले, तर तो दुसऱ्याची जागा अडवतो आणि पुढे मनगटापाशी अडतो.

आज जन्म बहुधा रुग्णालयात होतो व नोंदही होते. खरी अडचण आहे ती उसाच्या फडात जन्मलेल्या मुलांची. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जेथे झाला तेथेच, एकवीस दिवसांत, नोंदवावा लागतो. टोळी हंगाम संपताच गावी परतते. नोंद मात्र राहून जाते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची पायरी चढावी लागते. त्यातच २०२३ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. गुरुजींचा अंदाज आता चालणार नाही.

म्हणून माझी विनंती मैदानासाठी नाही. मैदान पुढे होईल. गळीत हंगामात आपल्या शिवारातील कोपीत मूल जन्मले, तर एकवीस दिवसांच्या आत कोणीतरी त्या आईबापांसोबत ग्रामपंचायतीत जावे. ते मूल पुढे चेंडू खेळेल की नाही, कोण सांगणार? पण त्याचे वय तरी त्याच्या मालकीचे राहील.