शीतयंत्रांतील गॅसचें मोजमाप

उन्हाळा तोंडावर आला कीं शहरांतील अनेक घरीं एक वाक्य हटकून ऐकूं येतें: "साहेब, गॅस कमी झाला आहे." कारागीर दाबमापक लावतो, कांटा पाहतो, थोडा गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. वस्तुतः हा गॅस पेट्रोलाप्रमाणें जळून संपणारा नव्हे. बंद नळ्यांतून तो वर्षानुवर्षें फिरत राहतो. कमी झालाच, तर कोठें तरी गळती आहे. शिवाय नुसत्या दाबावरून त्याचें प्रमाण ठरत नाहीं. कुकरमध्यें पाणी पेलाभर असो वा तांब्याभर, सारख्या दाबाखालीं तें सारख्याच अंशांवर उकळतें. दाब उत्कलनबिंदु सांगतो, साठा सांगत नाहीं. म्हणून दाबमापकाच्या जोडीस तापमापक हवा.

खोलींतील वेटोळ्यांत द्रव उकळतो आणि उकळतांना खोलीची उष्णता ओढून घेतो. शेवटचा थेंब उकळून गेल्यावर वाफ आणखी तापते. या वरच्या तापण्यास 'सुपरहीट' म्हणतात. समजा, दाबावरून उत्कलनबिंदु ५ अंश सेंटिग्रेड निघाला आणि काँप्रेसरकडे परतणारी नळी १२ अंशांवर आहे. सुपरहीट ७ अंश झाली. नळी २५ अंशांवर असेल, तर द्रव वेटोळ्याच्या आरंभींच संपतो आहे, म्हणजे बहुधा गॅस अपुरा आहे. ती ६ अंशांवरच असेल, तर संकट उलट बाजूचें: न उकळलेला द्रव काँप्रेसरांत शिरूं पाहतो. द्रव दाबला जात नाहीं. वंगण धुतलें जातें, झडपा मोडतात. "थोडा जास्तच भरा" असा आग्रह धरणाऱ्या गृहस्थास हा सौदा फार महाग पडतो. अर्थात् जाळी धुळीनें तुंबली असली तरीहि हा आंकडा घसरतो. तेव्हां आधीं ती धुवावी.

केशनळीच्या यंत्रांत योग्य सुपरहीट बाहेरच्या उन्हाबरोबर उतरते आणि खोलींतील दमटपणाबरोबर चढते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्याचा आंकडा मुंबईस लावून चालत नाहीं. तक्ता पाहावा लागतो.

मोठ्या यंत्रांत केशनळीऐवजीं स्वयंचलित झडप असते. ती सुपरहीट स्वतःच जवळजवळ स्थिर राखते, त्यामुळें गॅसची उणीव झांकली जाते. तेथें 'सबकूलिंग' मोजतात: बाहेरच्या वेटोळ्यांत वाफेचा द्रव ४५ अंशांवर झाला आणि तो ३९ अंशांवर बाहेर पडला, तर सबकूलिंग ६ अंश. आंकडा फार लहान असेल तर गॅस कमी, फार मोठा असेल तर द्रव तुंबलेला.

घरगुती यंत्रांपैकीं बहुतेकांत मात्र केशनळी बाहेरच्या पेटींतच असते, दोन्ही जोडनळ्या थंड लागतात आणि त्यांवरून सबकूलिंग कळत नाहीं. तेथें गळती बुजवून, पंपानें नळ्या निर्वात करून, यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस तराजूवर तोलून भरणें हेंच सर्वांत खात्रीचें. आज घरोघरीं आढळणारा आर-३२ गॅस सौम्य ज्वालाग्राही असल्यानें हें काम उघड्या हवेंत, आग दूर ठेवूनच करावें लागतें.