हवेचे आकडे घरच्या लॅपटॉपवर

लखनौचा हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सकाळचा तो करडा पडदा वेगळा सांगायला नको. आजोबांनी फिरायला जावं का? मुलांच्या खोलीची खिडकी उघडावी का? आपण मोबाइल काढतो, 'समीर' ॲप उघडतो आणि तालकटोरा, लालबाग किंवा गोमतीनगर इथल्या सरकारी केंद्राचा आकडा पाहतो. पण तो आकडा त्या केंद्राच्या परिसराचा असतो. तुमच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडल्यावर किंवा देवघरात उदबत्ती लावल्यावर घरातली हवा कशी होते, हे ते केंद्र सांगू शकत नाही.

ते सांगायला तळहातावर मावेल एवढा सेन्सर पुरतो. त्याचं नाव एसडीएस०११. आत एक छोटा पंखा हवा ओढून घेतो आणि धुळीच्या कणांवर पडून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून कणांचा अंदाज बांधला जातो. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या नागरिकांच्या हवामापन चळवळीने हाच सेन्सर हजारो घरांच्या खिडक्यांत पोहोचवला.

आता प्रश्न असा, की हा सेन्सर लॅपटॉपशी बोलतो कसा? तर सिरियल पोर्टमधून. नाव अवघड वाटतं, गोष्ट साधी आहे: एकामागून एक, रांगेत, एकाच तारेवरून बिट पाठवायचे. १९६० साली ठरलेलं आरएस-२३२ हे मानक याच कुळातलं. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे नऊ पिनांचं पोर्ट असायचं, आठवतं? आता ते दिसत नाही, पण यूएसबीच्या छोट्या अडॅप्टरमुळे ते काम तसंच चालतं. विंडोजमध्ये त्याला 'कॉम ३' असं काहीतरी नाव मिळतं.

मी इंग्रजी साहित्याची पदवीधर, त्यामुळे 'कोडिंग' शब्दाने दचकणाऱ्यांची मला पूर्ण कल्पना आहे. पण पायथॉन ही भाषा खरंच वाचता येते. तिच्यासाठी 'पायसिरियल' नावाची मोफत लायब्ररी आहे. तिला दोनच गोष्टी सांगायच्या: पोर्टचं नाव आणि वेग. इथे वेग ९६००, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. दोन्ही बाजूंचा वेग जुळला नाही, तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो.

सेन्सर दर सेकंदाला १० बाइटचं एक पाकीट पाठवतो. पहिला बाइट १७०, दुसरा १९२, शेवटचा १७१. मधल्या बाइटांत खरा माल. समजा तिसरा बाइट २१२ आणि चौथा ४ आला. मग ४ गुणिले २५६, अधिक २१२, म्हणजे १२३६. त्याला १० ने भागा: १२३.६. हा झाला पीएम २.५, एका घनमीटर हवेतले मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे १२३.६ हा आकडा दिवसभर टिकला, तर काय ते तुम्हीच बघा.

एक खाचखळगा आहे. तुमचा प्रोग्राम पाकिटाच्या मधोमध वाचायला सुरुवात करू शकतो. म्हणून १७० येईपर्यंत थांबायचं, पुढचा १९२ आहे ना ते बघायचं, कारण १७० हा आकडा मालातही येऊ शकतो. शिवाय नववा बाइट पडताळणीचा असतो: आधीच्या सहा बाइटांची बेरीज, २५६ ने भागून उरलेली बाकी. जुळली नाही तर ते पाकीट सोडून द्यायचं. किराणा दुकानदार बिलाची बेरीज पुन्हा करतो, तसंच हे.

आलेला प्रत्येक आकडा वेळेसह एका फाइलमध्ये लिहून ठेवला, की एक्सेलमध्ये आलेख काढता येतो. फोडणीचा डोंगर, उदबत्तीची टेकडी, चिमणी लावल्यावरचा उतार, सगळं स्पष्ट दिसतं. शाळेच्या प्रकल्पासाठी यापेक्षा जिवंत विषय मला तरी सुचत नाही.

आता लिहिण्याची बाजू. सेन्सर सतत चालवू नका. त्यातल्या लेझरचं आयुष्य सुमारे ८००० तासांचं, म्हणजे अखंड चालवला तर अकरा महिने. म्हणून त्याला झोपवायचं. त्यासाठी आपण त्याच पोर्टमधून उलट दिशेने १९ बाइटचा हुकूम पाठवतो: १७०, १८०, ६, १ आणि मग झोपायला ० किंवा उठायला १, पुढे काही शून्यं, दोनदा २५५, पडताळणीचा बाइट आणि शेवटी १७१. हुकूम मिळताच पंख्याची घरघर थांबते, आणि ते ऐकताना फार मजा वाटते! पाच मिनिटांत एक मिनिट जागा ठेवला, तर तेच आयुष्य साडेचार वर्षांपर्यंत ताणता येतं. फक्त उठवल्यावर तीसेक सेकंद थांबून मगच आकडा घ्या, आतली शिळी हवा निघून जाऊ द्या.

आणि दाट धुक्याच्या सकाळी या यंत्रावर डोळे झाकून विसंबू नका. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली, की धुक्याचे थेंबही त्याला धूळच वाटतात आणि आकडा फुगतो. डिसेंबर-जानेवारीत लखनौत असं वारंवार होतं. अशा दिवशी आजोबांच्या फेरीचा निर्णय जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा पाहून घ्या, आणि घरचा सेन्सर घरातल्या खोल्यांची एकमेकींशी तुलना करायला वापरा.