बुद्वार फोटो, आरसा आणि ‘मोजणार काय?’

पेटच्या मुलाखतीला किंवा सिनॉप्सिसच्या बैठकीला ‘बुद्वार फोटोग्राफीतून स्वतःचा स्वीकार’ असा विषय घेऊन गेलात, तर आधी समोरचे एकमेकांकडे बघतील. मग त्यातलं कुणीतरी विचारेल, “ठीक आहे, पण मोजणार काय?” बघण्याचं आपण काही करू शकत नाही. प्रश्नाची तयारी मात्र करता येते, आणि सरावासाठी हा विषय फार चांगला आहे.

बुद्वार म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये बाईची खासगी खोली. त्यावरून अंतर्वस्त्रांत, चादर लपेटून किंवा त्याहून कमी कपड्यांत, स्वतःसाठी काढून घेतलेल्या फोटोंना हे नाव पडलं. सोलापुरात हा शब्द फारसा चालत नाही. मॅटर्निटी शूट मात्र सर्रास चालतं, आणि ज्या घरात पोट पदरानं झाकायला सांगायचे त्याच घरात आता त्या पोटाचा फोटो फ्रेम होतो. दावा दोन्हीकडे सारखाच: असा फोटो बघितला की बाईची स्वतःच्या शरीराशी असलेली कुरबुर कमी होते.

आता ‘स्वतःचा स्वीकार’ हे काही थर्मामीटर लावून कळत नाही. बहुतेक जण रोझेनबर्गची 1965 ची स्वाभिमानाची प्रश्नावली उचलतात. दहा वाक्यं, सोपी, फुकट. पण ती एकंदर स्वतःबद्दल विचारते, शरीराबद्दल नाही. नेट पास झालेल्या मुलीचा स्कोअर त्यात वाढेल, तरी ती साडीच्या दुकानातल्या आरशासमोर उभी राहायला तयार नसेल. शरीराबद्दलच्या आदरासाठी वेगळी मोजपट्टी आहे. टिल्का आणि वुड-बार्कालो यांनी ती 2015 मध्ये सुधारून दिली. तिच्यातही दहाच वाक्यं आहेत.

ती मराठीत आणताना खरी मजा येते. आपल्याकडे ‘तब्येत झाली गं तुझी’ याचा अर्थ जाड झालीस, आणि ‘तब्येत उतरली’ म्हणजे वाळलीस. तब्येत, अंग, बांधा, शरीर यांतला कुठला शब्द घालता यावर उत्तर फिरतं. म्हणून एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मग दोन्ही ताडून बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता गोळा केलेल्या चारशे फॉर्मपेक्षा ते करून घेतलेले साठ फॉर्म मला जास्त विश्वासाचे वाटतात.

दुसरी अडचण कॅमेऱ्याचीच आहे. 1977 मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट यांनी मुलींना त्यांचेच दोन फोटो दाखवले. एक सरळ, एक आरशासारखा उलटा. मुलींना आपला उलटा फोटो आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. कारण साधं आहे: आपण स्वतःला रोज आरशात बघतो, बाकीचे आपल्याला समोरून. सवयीचं तेच बरं वाटतं. म्हणजे शूटनंतर एखादी बाई खूश झाली तर ती शरीरावर खूश झाली, प्रकाशयोजनेवर, की फोटोशॉपवर? फोटोग्राफरनं कंबर दोन इंच आत घेतली असेल, तर तिनं स्वीकारलं कुणाला?

आणि पैसे. पदरचे पैसे मोजून, घरच्यांची नजर चुकवून केलेली गोष्ट वाईट होती असं कोण म्हणेल? ॲरन्सन आणि मिल्स यांनी 1959 मध्येच दाखवलं होतं की कष्टानं मिळालेली गोष्ट माणसाला जास्त मोलाची वाटते. शिवाय स्टुडिओकडून यादी घेतलीत तर खूश झालेल्यांचीच नावं हाती येणार. त्यामुळे शूटच्या आधी, लगेच नंतर आणि तीन-चार महिन्यांनी असं मोजायला हवं. सोबत एक गट असा हवा, ज्यांना शूट हवं आहे पण त्यांची पाळी यायची आहे. तिसरा गट जमला तर उत्तम: तोच फोटोग्राफर, तेवढाच वेळ, पण नेहमीच्या कपड्यांत. या गटातही तेवढाच फरक दिसला तर अंतर्वस्त्रांचा काही संबंध नाही. कुणीतरी दोन तास नीट लक्ष दिलं, एवढंच झालं.

उलट परिणामाचीही शक्यता धरा. फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट्स यांनी 1997 मध्ये मांडलं की बाई स्वतःकडे बाहेरच्या नजरेनं, वस्तूसारखं बघायला शिकते आणि त्याची किंमत मोजते. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या प्रयोगात पोहण्याचा पोशाख घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुलींना गणितं कमी आली. स्वेटर घातलेल्यांना जास्त. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही.

त्यामुळे माझ्या मते खरा चल घटक कपडे नाहीत. फोटो कुणाच्या हुकमावर निघाला आणि कुणाच्या हाती राहिला, हा आहे. मराठीत या वादाला जुना इतिहास आहे. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ 1927 पासून 1953 पर्यंत चालवलं आणि नग्न स्त्रियांची चित्रं छापली. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यावर खटलेही झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तो मात्र वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांचं धाडस मोठं, पण चित्रातल्या बाईला काय वाटलं हे त्या मासिकाच्या पानांवरून मोजता येत नाही.

याउलट इंग्लंडची जो स्पेन्स. 1982 मध्ये स्तनाचा कर्करोग निघाल्यावर, शस्त्रक्रियेपूर्वी तिनं स्वतःच्या स्तनावर शाईनं लिहिलं: ही जो स्पेन्सची मालमत्ता का? प्रश्नचिन्हासकट. आणि फोटो काढून घेतला. पुढे रोझी मार्टिनसोबत तिनं फोटोथेरपीच उभी केली. आपल्या शेजारी हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये पडद्यातल्या बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. तो केनी-लेविक नावाच्या बाई चालवायच्या. कॅमेऱ्यामागेही बाईच हवी, हे त्या धंद्याला तेव्हाच कळलं होतं.

एथिक्स कमिटीसमोर हीच बाजू आधी मांडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार फोटो काढायला दिलेली संमती ही तो पसरवायला दिलेली संमती ठरत नाही. पसरवणं हा गुन्हा आहे. म्हणून तुमच्या अभ्यासात फोटो तुमच्याकडे येताच कामा नये. ना पेनड्राइव्हमध्ये, ना गाईडच्या ईमेलवर, ना ‘फक्त नमुन्यादाखल’ प्रबंधात. तुम्हाला लागतात ती उत्तरं, आणि तीही नावाऐवजी कोड टाकून. फॉर्म घरच्या पत्त्यावर पाठवू नका. तीन महिन्यांनी फोन करायचा असेल तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे तिलाच विचारून ठेवा.

मुलाखतीच्या यादीत एक प्रश्न मी नक्की घालेन: तो फोटो आता कुठं ठेवलाय? भिंतीवर, कपाटात साड्यांखाली, फोनमध्ये पासवर्ड लावून, की डिलीट केला? आणि ते कुणी ठरवलं?