उभ्या प्रयोगशाळेतली बैठी वाट

1934 साली ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांना चोविसाव्या वर्षीच संधिवातानं गाठलं. क्ष-किरण यंत्राची मुख्य कळ फिरवणं हातांना जमेना, तेव्हा त्यांनी तिला दांडा जोडून घेतला आणि काम पुढे नेलं. त्यांचं शास्त्र चिकाटी मागणारं होतं, पण ती बहुतांशी बसल्या जागची. छायाचित्रं हाती आली की पुढे आकडेमोडच. पेनिसिलिन आणि बी-12 यांची रचना उलगडून 1964 साली त्यांनी नोबेल मिळवलं. 1969 मध्ये इन्सुलिनचं कोडं सुटलं, तेव्हा त्यांच्या गटात भारताचे एम. विजयनही होते.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मात्र त्या काळी एकच माणूस रक्त काढायचा, काचेच्या सिरिंजा उकळायचा, तोंडानं पिपेट ओढायचा, साहलीच्या नळीत हिमोग्लोबिनचा रंग जुळवायचा आणि न्यूबाउअर चेंबरमध्ये पेशी मोजायचा. सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल होतं, पण त्यावर बसायला मिळायचं ते बाकीची धावपळ आटोपल्यावर.

हे चित्र पालटण्याची सुरुवात पन्नाशीच्या दशकात झाली. 1953 मध्ये पेशी मोजणाऱ्या कोल्टर काउंटरला पेटंट मिळालं. 1957 मध्ये रक्तातली रसायनं आपोआप मोजणारा ऑटोअॅनालायझर बाजारात आला, आणि त्याच वर्षी जर्मनीत हाइनरिश श्निटगर यांनी अंगठ्यानं चालणारं पिपेट घडवलं. कष्ट वाचले, पण अशक्त माणसाच्या दृष्टीनं मोठा बदल वेगळाच होता: नमुने वाढले तशी कामाची वाटणी झाली. सायटॉलॉजीच्या स्लाइड तपासणं, क्वालिटी कंट्रोलचे आलेख पाहणं, निकाल पडताळून रिपोर्ट सोडणं ही स्वतंत्र कामं झाली. गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून चिकटवण्याचं काम संगणकाच्या पडद्यावर आलं. मान आणि डोळे यातही शिणतात, पण दम लागत नाही.

ही विभागणी मोठ्या शहरांतल्या मध्यवर्ती लॅबमध्येच परवडते. तालुक्याच्या गावी आजही डीएमएलटी ही लॅब-तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला एकटा तंत्रज्ञ सगळं करतो. शिवाय बैठ्या टेबलापर्यंत पोचायचं तर आधी सॅम्पल कलेक्शन आणि रात्रपाळी काढावी लागते. काम बैठं झालं तरी उमेदवारी उभ्यानंच करायची!

कायद्याची गतही तशीच अर्धवट. अपंगांच्या हक्कांसाठीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यानं ते 21 केले, त्यात सिकल सेल आणि थॅलेसेमिया हे रक्तविकार आले. विदर्भात नि नंदुरबारकडे सिकल सेलचा थकवा आणि हाडं पिळवटणाऱ्या वेदना घराघराला ठाऊक आहेत, म्हणून ही नोंद मोलाची. पण सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागा ज्या प्रकारांना दिल्या, त्यांत हे रक्तविकार नाहीत. चालता-फिरता दिसणारा, पण तासाभरात थकणारा माणूस त्या 4 टक्क्यांच्या बाहेरच राहिला.

अपंगांसाठी योग्य सरकारी पदांच्या यादीत प्रत्येक पदापुढे बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं यांपैकी काय लागतं ते नोंदलेलं असतं. ही नोंद ‘लॅब टेक्निशियन’ या सरसकट पदाची असते. ती टेबलागणिक झाली, तर सिकल सेल असलेल्या मुलीला डीएमएलटीला प्रवेश घेण्याआधीच कळेल, की आपल्याला झेपेल असं काम लॅबमध्ये कुठे आहे.